झऱ्याचा धडा

पहाटे उठल्यावर भिंगरीची आई आधी पायांना तेल लावी, चूल मागाहून पेटे. टाचांच्या भेगांत रात्रभर मीठ चुरचुरत असे. तेलाचं बोट फिरल्याशिवाय पाऊल जमिनीवर नीट टेकत नसे. मग जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे ती तळव्यांखाली घेई आणि चिंध्यांनी घट्ट बांधी. चहा उकळेपर्यंत सासू अंथरुणातूनच विचारी, वारा कुठून आहे. दारात उभं राहून ओल्या बोटानं वारा पाहायचा आणि सांगायचं. जमिनीकडून असला तर सासू म्हणे, "कोरडा आहे, पीक धरेल." समुद्राकडून असला तर कूस बदले.

नवरा तोवर बांधावर पोचलेला असे. उजाडताना मिठागराचे वाफे राखाडी दिसत. रात्रीतून त्यांच्यावर मिठाचा पापुद्रा आलेला असे, निवलेल्या दुधावर साय धरावी तसा. ऊन चढायच्या आत तो मोडायचा, मग दिवसभर फावड्यानं ओढून बांधाशी आणायचा. फावडं म्हणजे लांब बांबूच्या टोकाला आडवी ठोकलेली फळी. ओढणारे एका ओळीत उभे राहत आणि एकदम ओढत. एकाचं जरी मागेपुढे झालं तरी तळाचा चिखल ढवळला जाई, मीठ काळं पडे, आणि काळं मीठ मुकादम राशीवर टाकू देत नसे. म्हणून ओढताना बोल म्हणायची रीत होती. बांधावर बसून एकानं अर्धी ओळ म्हणायची. ओढणाऱ्यांनी उरलेली अर्धी म्हणत फावडं खेचायचं.

बोल देण्याचं काम भिंगरीकडे होतं. आधी ते तिच्या आजीकडे होतं. आजीचा घसा बसला आणि नातीचा उघडला, एवढाच काय तो बदल. भिंगरी चौथीत होती. एका जागी ठरत नसे म्हणून तिला ते नाव पडलं होतं, पण बांधावर बसली की ती हलत नसे. एकदा कानावर पडलेला बोल ती विसरत नसे. लांबलचक, उलटसुलट फिरणारे, म्हाताऱ्यांनाही मध्येच गाळावे लागणारे बोल ती अखंड म्हणे, आणि तिच्या आवाजावर वाफ्यातली फावडी एकदम उठत, एकदम बसत. ऊन डोळ्यांवर आलं की ती उठे, दप्तर खांद्याला लावी आणि बांधाबांधानं शाळेकडे पळे. मागून कुणीतरी म्हणे, आता इंजिन गेलं, डबे ढकला. आणि मुकी फावडी ओढत राहत.

त्या वर्षी हंगामाच्या मध्यावर शाळेतून सगळ्या आईबापांना बोलावणं आलं. बाई तरुण होत्या, शहरातून बसनं येत. त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक वर, एक खाली. वरची शहरातल्या मुलांची, खालची आपल्या. मधल्या जागेला त्या दरी म्हणत होत्या. वरून हुकूम आला होता की ही दरी याच वर्षी बुजवायची. चौथीतल्या प्रत्येक मुलाला चौथीचा धडा घडाघडा वाचता आलाच पाहिजे, एकही मूल मागे राहता कामा नये. जी मागे आहेत त्यांच्यासाठी दुपारी शाळा सुटल्यावर जादा वर्ग भरेल, त्यासाठी एक जास्तीचे मास्तर येतील. मग त्यांनी मागे असलेल्यांची नावं वाचली. मिठागरातल्या मुलांपैकी कुणाचं नाव राहिलं नाही.

भिंगरीच्या आईला वाटलं होतं, तिचं नाव त्यात नसेल. एवढी बोल पाठ असलेली पोर. ती मान खाली घालून बसली. शेजारी सासू होती. तिला कमी ऐकू येई, पण दरी बुजवायची हे नेमकं ऐकू आलं. ती मोठ्यानं म्हणाली, "बुजवा की. पण माती कुठून आणणार? एक खड्डा बुजवायला दुसरा खणावाच लागतो, बाई." लोक हसले. बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, दुपारचं पाणी कोण आणणार. पिण्याच्या पाण्याचा टँकर दुपारी रस्त्यावर थांबे, आणि शाळा सुटल्यावर रांगेत उभी राहून कॅन भरून आणणं हे भिंगरीचं काम होतं. सासूला डोळ्यांनी अंधूक दिसे. भिंगरीची आई म्हणाली, मी आणीन. तो म्हणाला, मुकादम सोडेल? ती म्हणाली, विचारून बघते. स्वतःला अक्षर येत नव्हतं याचं तिला आजवर फारसं दुःख नव्हतं. पण त्या वर्गात आपल्या मुलीचं नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं ते तिच्या मनातून जाईना.

मुकादमानं सोडलं, पण मधूनच जाणारं माणूस त्याला ओळीत नको होतं. त्यानं तिला फावड्यावरून काढून टोपलीवर घातलं. वाफ्यातून भरलेली टोपली डोक्यावर घ्यायची, अरुंद बांधावरून चालत जाऊन राशीवर रिकामी करायची. पाझरणारं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरे आणि दंडांच्या आतल्या बाजूला कातडी सोलून निघे. "पोरीला साहेबीण करा, वहिनी," मुकादम म्हणाला, "मग आमच्याकडे येऊ नका म्हणजे झालं." बायका हसल्या, तीही हसली. न हसून चालण्यासारखं नव्हतं.

जादा वर्गातले मास्तर वयस्कर होते, मवाळ. मुलं त्यांना कासवमास्तर म्हणत, कारण ते एका दिवसात एकाच अक्षराच्या पुढे जात नसत. भिंगरी संध्याकाळी बांधाच्या ओल्या मातीत काडीनं अक्षर काढी आणि बोट ठेवून म्हणे, हा क, हा म, हे मिळून कम. पुढचं अक्षर जोडताना तिचं कपाळ आक्रसे. एकेक अक्षर ती घशातून ओढून काढी, दगड उपसावा तसं, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरे. आईला ते ऐकवत नसे. बोल म्हणणाऱ्या पोरीची जीभ अशी का अडखळते ते तिला कळेना. एकदा टँकरवरून परतताना बाई भेटल्या तेव्हा तिनं विचारलंही, की मास्तर तिला उलट तर शिकवत नाहीत ना. बाई म्हणाल्या, नाही, असंच येतं ते. सहा महिने, वर्ष लागेल, पण येईल. ते म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता हे तिच्या लक्षात राहिलं.

मग तपासणी अलीकडे आली. वाचन तपासणारे साहेब हंगाम संपल्यावर येणार होते ते आधीच येणार असं कळलं. वर्ष कुणापाशीच उरलं नव्हतं. जादा वर्गात अक्षरं मिटली आणि पुस्तक उघडलं. चौथीच्या पुस्तकात झऱ्याचा धडा होता, साहेब बहुधा तोच विचारतात असं दुसऱ्या शाळेतून कळलं होतं. बाई आता रोजचा आणि जादा असे दोन्ही वर्ग एकत्र बसवून तो एका सुरात म्हणवून घेत. खिडकीबाहेरून जाणाऱ्यालाही तो ऐकू येई.

डोंगरावरून एक झरा निघाला. वाटेत त्याला एक दगड भेटला.

भिंगरी चार दिवसांत बदलली. संध्याकाळी दारात पुस्तक उघडून बसे आणि ओळींवरून बोट फिरवत पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचून दाखवी, कुठेही न अडखळता. झरा दगडाला काय म्हणाला ते झऱ्याच्या आवाजात, दगड काय म्हणाला ते दगडाच्या. सासूनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी ओळीत उभा राहिल्यावर बापानंच सगळ्यांना सांगितलं की आमची वाचायला लागली.

धडा वाफ्यावर आला तो असा. कुणीतरी म्हणालं, आज आपण पोरीचा धडाच ओढू. भिंगरीनं बांधावरून अर्धी ओळ दिली, डोंगरावरून एक. ओढणाऱ्यांनी खेचताना म्हटलं, झरा निघाला. फावड्याला तो इतका बेतून बसला की भिंगरी शाळेला जाईपर्यंत दुसरा बोल निघाला नाही. शेजारच्या वाफ्यांनी उचलला, मग पलीकडच्यांनी. ज्यांची मुलं चौथीत होती त्यांना वाटलं, बरंच झालं, कानावर पडत राहील. ती मुलं सकाळी मुद्दाम बांधावर आणून बसवली जाऊ लागली. मिठागरात कामाची जाण जिभेवर मोजत. ज्याला बोल पुरा येतो त्याला काम येतं, हे तिथं कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, ते तसंच होतं. धडा अख्खा म्हणणाऱ्या पोराला वाचता येत नसेल अशी शंका कुणाच्या मनाला शिवली नाही. भिंगरीची आई टोपली डोक्यावर घेऊन जाता येता तोच धडा ओठांत म्हणे, आणि पाठीवरचं खारं पाणी तिला त्या दिवसांत फारसं झोंबलं नाही.

साहेब आले, खुर्चीवर बसले, त्यांनी एकेका मुलाला पुढे बोलावून पुस्तक दिलं. झऱ्याचाच धडा काढला. मिठागरातली सगळी मुलं घडाघडा वाचती झाली. साहेबांनी भिंगरीला दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा नुसतं कौतुकानं. शाळेच्या दारावर पाटी लागली. तिच्यावर काय लिहिलंय ते बाईंनी जमलेल्या लोकांना वाचून दाखवलं, की या शाळेत आता मागे कुणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे कुणी नाही म्हटल्यावर जादा वर्गाचं काम संपलं. कासवमास्तरांना दुसऱ्या, अजून मागे असलेल्या शाळेवर पाठवलं.

थोडी सुट्टी झाली आणि पाचवी सुरू झाली, तेव्हा मिठाचा हंगाम अजून चालू होता. पाचवी हेडमास्तरांकडे, पलीकडच्या खोलीत. नवी पुस्तकं फुकट मिळाली. भिंगरीनं ती उघडून कुणाला दाखवली नाहीत, आईनंही मागितली नाहीत. त्या दिवसांत ढगांनी सगळ्यांना जेरीस आणलं होतं. समुद्राकडून वारा लागे, आभाळ भरे, लोक धावत जाऊन राशी झाकत, आणि न पडताच ढग निघून जात. एका पहाटे मात्र पाऊस पडला. फार नाही, अंगण ओलं होण्यापुरता. पण वाफ्यांना तेवढा पुरे. उजाडल्यावर पाहिलं तर पापुद्रा कुठेच नव्हता, नुसतं गढूळ पाणी. मुकादम शिव्या देत निघून गेला. ओढायला काही नव्हतं, वाहायला काही नव्हतं. सुट्टीचा वार होता.

हंगामात पहिल्यांदाच भिंगरीची आई दिवसाउजेडी रिकामी बसली. दाराशी ऊन आलं होतं. ती मुलीला म्हणाली, वाच गं काहीतरी, बसल्या बसल्या ऐकते. भिंगरी म्हणाली, नवीन पुस्तकातलं अजून शिकवलं नाही. मग जुनं वाच, आई म्हणाली. भिंगरीनं चौथीचं पुस्तक आणलं, गुडघ्यावर उघडलं आणि सुरू केलं. झऱ्याच्या पानावर डोंगराचं चित्र होतं, ते आईला ओळखीचं झालं होतं. वारा भरभर येत होता. त्यानं पान उलटलं, मग अजून दोन उलटली. आता पानावर एक मोठं जहाज होतं, धुराड्यातून धूर निघणारं. भिंगरी आजीकडे बघून आवाज काढत होती. तिचं बोट जहाजाखालच्या ओळींवरून फिरत होतं आणि तोंडानं झरा दगडाला वळसा घालून चालला होता.

आई ऐकत राहिली. धडा संपला. सासू म्हणाली, "पोरीचं वाचन म्हणजे पोरीचं वाचन."

आईनं हात पुढे करून जहाजाच्या खाली बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय?"

भिंगरीनं खाली पाहिलं. तिला कळलं. तिनं पान मागं उलटायला हात नेला, पण आईचं बोट तिथून उठेना. मग ती बोटाच्या पुढच्या अक्षराकडे बघत राहिली. ओठ जुळले, सुटले. कपाळ आक्रसलं. "ज," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पुढचं मास्तर सांगणार होते."

आईनं बोट काढून घेतलं. सासूनं विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं, काही नाही, वारा सुटलाय. सासूनं मान हलवली आणि विचारलं, कुठून.

दुसऱ्या दिवशी काम लागलं तरी दुपारी ती टोपली ठेवून शाळेत गेली. जाताना मुकादमाला सांगितलं नाही. शाळा सुटली होती. बाई बसची वेळ होईपर्यंत वर्गात बसून लहान मुलांच्या पाट्या पुसत होत्या. यंदा त्यांच्याकडे पहिली होती. भिंगरीची आई दारातच उभी राहिली, कारण पायांच्या चिंध्यांतून पाणी गळत होतं. बाई म्हणाल्या, या ना आत. ती आत आली नाही. तिनं जहाजाचं सांगितलं.

बाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. दचकल्या नाहीत, हे तिनं पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं, बाई."

"हो."

"माझ्या एकटीच्या पोरीचं?"

"सगळ्यांचंच." बाई म्हणाल्या, "साहेबांनाही माहीत असेल. त्यांनाही कुणीतरी विचारणारं असतंच. तारीख वरून आली होती, भिंगरीची आई. अक्षरं काही तारीख बघून येत नाहीत."

"मग तिला नापास करा. मी लिहून देते. म्हणजे अंगठा देते."

"नापास करता येत नाही. कुणालाच नाही, तसा नियम आहे. आणि ज्याला वाचता येतं असं एकदा ठरलं त्याला येत नाही असं ठरवायला कुठे जागाच नाही."

"ते मास्तर?"

"ते आता येणार नाहीत. ते मागे असलेल्यांसाठी असतात."

भिंगरीच्या आईला हसू आलं, तसलं हसू जे मुकादमापुढे येई. ती म्हणाली, "म्हणजे ती पुढे आहे."

बाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्याचा भिंगरीच्या आईला किंचित राग आला. रडायला वेळ असणाऱ्याचा येतो तसा. मग तिला वाटलं, हिचंही वय काय आहे. तिनं विचारलं, पाचवीत हेडमास्तर अक्षरापासून शिकवतील का. बाईंनी नकारार्थी मान हलवली. पाचवीत पाचवीचंच शिकवायचं असतं. पुढच्या वर्षी पाचवीची तपासणी. तिथंही एखादा धडा असेल. बाहेर बांधाकडून फावड्यांचा आवाज येत होता आणि त्याच्याबरोबर डोंगरावरून एक झरा. यंदा जी मुलं चौथीत आली होती त्यांच्या बापांनी तो पुन्हा सुरू केला होता. दोघींनी तो ऐकला.

"तुमच्याकडे पहिली आहे ना," भिंगरीची आई म्हणाली. "तिथं अक्षरं शिकवता."

"हो."

"मग तिला इथं बसवा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "सहा वर्षांच्या मुलांत? ती दहाची आहे. हसतील तिला."

"हसतील."

"नाव पाचवीतच राहील. हजेरी तिकडेच लागेल. साहेब आले तर तिला उठून पळत पाचवीत जाऊन बसावं लागेल, आणि त्यांनी वाचायला सांगितलं तर…"

"म्हणेल ती काहीतरी पाठ. त्यात ती हुशार आहे."

बराच वेळ बाई पाटीची कड चोळत राहिल्या. हेडमास्तरांना सांगणं आणि न सांगणं या दोहोंतलं कोणतं बरं, याचा त्या विचार करत असाव्यात. शेवटी एवढंच म्हणाल्या, की सकाळी प्रार्थना संपल्यावर आणा, तेव्हा गडबड असते, कुणाचं लक्ष नसतं. बसची वेळ झाली होती.

रात्री जेवताना तिनं घरात सांगितलं. नवऱ्याचा घास हातात राहिला. तो म्हणाला, साहेबानं पाठ थोपटलेली पोर तू खाली घालणार, मला उद्या ओळीत तोंड दाखवायचं आहे. ती म्हणाली, मलाही टोपली उचलायची आहे. त्यानं विचारलं, बाईंनी काय हमी दिली. हमी कसली द्यायची, ती म्हणाली. एका खोलीत अक्षरं आहेत आणि दुसरीत नाहीत, एवढंच मला कळतं. तो चिडून म्हणाला, तुला तेवढं तरी कुठून कळायला लागलं. सासूला सगळं ऐकू गेलं होतं की नाही कोण जाणे, ती म्हणाली, "निजा आता. सकाळी पोरीचं पाऊल जड होणारे." भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती हे तिच्या पायांच्या बोटांवरून दिसत होतं.

सकाळी ती बांधावर गेली नाही. आईनं मुकादमाकडे उशिरा येते म्हणून निरोप धाडला. आल्यावर तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं. फाटकाशी भिंगरी थांबली. आईनं घाई केली नाही. प्रार्थना आटोपली, रांगा मोडल्या, गलका झाला. पाचवीच्या दारात हेडमास्तर कुणाचा तरी कान धरून उभे होते. त्यांनी या दोघींकडे पाहिलं, आणि मग पुन्हा त्या कानाकडे पाहिलं.

पहिलीच्या खोलीत बाकं नव्हती, पट्ट्या अंथरलेल्या होत्या. मुलं पाय पसरून, एकमेकांना रेलून बसली होती. एकीच्या नाकातून शेंबूड ओघळला होता. बाईंनी भिंतीकडे जागा करून दिली, कुणाला काही समजावलं नाही. भिंगरी बसली. तिचे गुडघे तिच्या हनुवटीपर्यंत आले. पुढच्या मुलानं वळून तिला नीट निरखलं आणि विचारलं, तू नवी बाई आहेस का. वर्ग खिदळला. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "नाही. मी शिकायला आले."

तिनं दप्तर उघडलं. पाचवीची कोरी पुस्तकं एकेक करून बाहेर काढली, सारखी केली आणि दारात उभ्या आईकडे धरली.

"ही घरी ने," ती म्हणाली.

आईनं ती घेतली. ओली होऊ नयेत म्हणून पदराआड धरली आणि कामावर निघाली.